देवाशी बोलताना नवऱ्याला ऐकवणं : एक प्रकरण अभ्यास

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, विवाह समुपदेशनाचं काम करताना एक तक्रार वारंवार कानावर येते: "मी सगळं शास्त्राप्रमाणे करते, तरी घरात शांती नाही." अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक बहिणी खोटं बोलत नसतात. त्या खरंच पुष्कळ करत असतात. या प्रकरणातली बहीणही पुष्कळ करत होती, आणि जे करत होती त्यामुळेच नवरा दिवसेंदिवस लांब जात होता. दोघांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

परिस्थिती

लग्नाला १६ वर्षं झालेली. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. नवरा एका कंपनीत हिशेबनीस. बायकोचीही नोकरी, पण पगार त्याच्या निम्म्याहून कमी. तो मंडळीचा खजिनदार होता, आणि हे पद त्याला नोकरीतल्या हुद्द्यापेक्षा जवळचं होतं, हे आम्हाला पुढे कळलं. कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. लपवाछपवी केली नाही. फक्त एक गोष्ट मागितली: "दुसरं काही मिळेपर्यंत बाहेर कुणाला सांगू नकोस."

ती माझ्याकडे आली तेव्हा या गोष्टीला पाच महिने झाले होते. नवऱ्याने खजिनदारपद सोडलं होतं, उपासनेला येणं बंद केलं होतं, घरात बोलणं कामापुरतं. येताना तिने एक कागद आणला होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. नवऱ्याला आधार देण्यासाठी आपण काय काय केलं त्याची ती यादी होती. दर शुक्रवारचा उपवास, पहाटेची प्रार्थना, आरशावर चिकटवलेली वचनं, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना, नोकरीच्या जाहिराती शोधून त्याच्या टेबलावर ठेवणं, भगिनींच्या प्रार्थनासभेत विनंती, पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) घरी बोलावणं.

मी विचारलं, "यातलं त्यांनी तुमच्याकडे काय मागितलं होतं?"

ती यादी पुन्हा वरपासून वाचत गेली. कागद उलटला, मागची बाजूही वाचली. मग म्हणाली, "यातलं काहीच नाही, ताई." आणि जरा थांबून, "मागितलं होतं ते यात नाहीये."

आधी दोन चौकश्या

कोणत्याही जोडप्याला एकत्र बसवण्याआधी आम्ही दोघांना वेगवेगळं भेटतो, आणि बायकोला सरळ विचारतो: नवऱ्याची भीती वाटते का, तो हात उगारतो का, पैसे किंवा फोन काढून घेतो का, माहेरच्यांशी बोलू देत नाही असं होतं का. इथे उत्तर स्पष्ट 'नाही' होतं. ते 'हो' असतं, तर या लेखातलं पुढचं काहीही तिला लागू झालं नसतं. मार खाणाऱ्या स्त्रीला पत्नींना पतीच्या अधीन राहायला सांगणारं १ पेत्र ३ वाचून दाखवून घरी परत पाठवणं हा शास्त्राचा गैरवापर आहे. त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात पत्नीला मान न देणाऱ्या पतीच्या प्रार्थनेत व्यत्यय येतो असं बजावलं आहे. ते वचन मात्र अशा वेळी फारसं कुणी काढत नाही.

दुसरी चौकशी नवऱ्याची. त्याला पाळक भेटले, घरी नाही, बाहेर चालता चालता. पहाटे चारला जाग येते ती येतेच, वजन उतरलंय, वाचनाची आवड होती पण पुस्तक हातात धरवत नाही, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं सतत वाटतं. हे सगळं दोन महिन्यांहून जास्त चाललेलं. अशी लक्षणं दोन आठवडे टिकली तरी डॉक्टरांना दाखवायला हवं. जीव द्यावासा वाटतो का, हेही पाळकांनी स्पष्ट विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. उलट, विचारल्यावर माणसाला बोलता येतं. तसे विचार नव्हते. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून औषधं सुरू केली.

बायको यावर बिथरली. "म्हणजे आमचा विश्वास कमी पडला का?" तिच्याबरोबर मी १ राजे १९ वाचलं. संदेष्टा एलीया झाडाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर येतो. तिने तो अध्याय अनेकदा वाचला होता, पण तिच्या लक्षात राहिला होता तो वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी आलेला मंद स्वर. आधीची दोन जेवणं आणि झोप निसटून गेली होती.

बिनसलं कुठे

तीन महिने तिने नवऱ्याचा शब्द पाळला. मग ताण सोसेना, आणि भगिनींच्या प्रार्थनासभेत तिने विनंती ठेवली: "माझ्या मिस्टरांची नोकरी गेली आहे, ते खचलेत, प्रार्थना करा." हेतू वाईट नव्हता. पण पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर एका ज्येष्ठ भावांनी दारातच नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चार लोकांत म्हणाले, "भाऊ, काळजी करू नका, आम्ही सगळे तुमच्यासाठी गुडघ्यावर आहोत." तो घरी येऊन काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी खजिनदारपद सोडत असल्याची दोन ओळींची चिठ्ठी पाळकांना गेली, आणि त्या रविवारनंतर तो उपासनेला दिसला नाही.

मंडळ्यांमध्ये ही गोष्ट सर्रास घडते म्हणून इथे थोडं रेंगाळते. कुणाच्या घरातली गोष्ट एरवी सांगितली तर ती चहाडी ठरते. तीच 'प्रार्थनेसाठी' सांगितली की सेवा ठरते. ऐकणाऱ्या दहा जणींपैकी नऊ जणी खरंच प्रार्थना करतात. पण त्या नऊ जणींच्याही घरी नवरे असतात. नीतिसूत्रे ३१ मधल्या सद्गुणी स्त्रीवरची प्रवचनं बहिणींना पाठ असतात. दिवा विझत नाही, हात चातीवर असतात, सगळं ठाऊक असतं. त्या वर्णनाच्या अगदी सुरुवातीला, अकराव्या वचनात, तिच्या पतीचं मन तिच्यावर भरवसा ठेवतं असं म्हटलं आहे. बाकीचे कष्ट त्याच्यानंतर येतात. माझ्या मते हा क्रम उगाच नाही.

दुसरी गोष्ट रात्रीच्या प्रार्थनेची. नवऱ्याचे पाळकांकडचे शब्द असे होते: "घरात रोज रात्री मला देवापुढे उभं करतात. ती डोळे मिटते आणि माझा खटला सुरू होतो." बायकोला विचारलं तर तिने प्रांजळपणे सांगितलं. मुलं शेजारी बसलेली असताना ती मोठ्याने म्हणायची, "प्रभू, यांना निराशेतून बाहेर काढ. यांना घराची जबाबदारी पेलायला बळ दे. यांना सकाळी लवकर उठायची बुद्धी दे." एकेक वाक्य सुटं घेतलं तर निर्दोष. पण बोलणं देवाशी होतं आणि ऐकवणं नवऱ्याला होतं, आणि त्याला उत्तर द्यायची सोयही नव्हती. प्रार्थनेच्या मध्येच कोण वाद घालणार?

आरशावरच्या चिठ्ठ्यांचंही तेच. त्यातली एक १ तीमथ्य ५:८ ची होती: जो घरच्यांची तरतूद करत नाही तो अविश्वासी माणसापेक्षा वाईट. तो उतारा विधवांच्या सांभाळाविषयी आहे, आणि ज्यांना सांभाळता येत असून ते सांभाळत नाहीत त्यांच्याविषयी आहे. काम शोधूनही न मिळालेल्या माणसाने दाढी करताना रोज ते वचन वाचायचं! त्याने ती चिठ्ठी फाडली नव्हती. उलटी करून पुन्हा चिकटवली होती. कोरी बाजू बाहेर.

जोडप्यांमधला हा सर्वांत जुना साचा आहे: एक मागे लागतो, दुसरा मागे सरतो. जितकं मागे लागावं तितका दुसरा गप्प होतो, आणि तो जितका गप्प तितकं मागे लागणं वाढतं. विश्वासी घरांत या मागे लागण्याला वचनांची भाषा मिळते, म्हणून ते ओळखायला वेळ लागतो. पेत्राने पत्नींना नेमकं याच्या उलट सांगितलं आहे. वचन न मानणारा पतीसुद्धा पत्नीच्या शब्दांवाचून, वागणुकीने मिळवला जावा, असं. या बहिणीचा नवरा तर वचन मानणारा होता.

काय केलं

पहिलं काम माफीचं. "मी सभेत बोलले ते चुकलं, पण मला किती ताण होता" अशी माफी तिने आधीच मागून झाली होती, आणि तिचा काही उपयोग झाला नव्हता. 'पण' आलं की माफीचा हिशेब होतो. तिने नव्याने लिहून काढलं आणि नवऱ्यासमोर तेवढंच वाचलं: "तुम्ही एकच गोष्ट मागितली होती. ती मी मोडली. त्यामुळे तुम्हाला चार लोकांत खाली बघावं लागलं." तो म्हणाला, "ठीक आहे." त्यावर तिने आणखी काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि ती बोलली नाही. मग भगिनी सभेच्या प्रमुख बहिणींना भेटून हा विषय पुन्हा सभेत घेऊ नये अशी विनंती केली. त्या सभेत आता दुसऱ्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय मांडत नाहीत. "एका घरासाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं. घर कुठलं ते देवाला माहीत असतं.

दुसरं, रात्रीची प्रार्थना. ती बंद करा असं आम्ही म्हटलं नाही. नवऱ्याबद्दल त्याच्यासमोर मोठ्याने प्रार्थना करायची नाही, आणि करायचीच तर आधी विचारायचं, एवढंच सांगितलं. पहिल्या रात्री तिने विचारलं, "आज तुमच्यासाठी काय मागू?"

"काही नको."

तिने मुलांच्या परीक्षेसाठी प्रार्थना केली आणि आमेन म्हटलं. असे बरेच दिवस गेले. ती मला फोन करून म्हणायची, "ताई, यात माझा आधार कुठे आला? मी तर काहीच करत नाहीये." मी म्हणायचे, विचारताय ना, मग चालू द्या. एका रात्री तो म्हणाला, "झोप लागू दे, एवढं माग." तिला आयतीच संधी होती, झोपेवरून चिंता, चिंतेवरून विश्वास, विश्वासावरून उपासनेला न येणं असं ती सहज गेली असती. तिने एकच वाक्य म्हटलं: "प्रभू, यांना आज झोप दे." आमेन. मुलीने नंतर आईला विचारलं, "संपली?"

तिसरं काम अवघड होतं. वेगळ्या भेटीत कळलं की कर्जाचे दोन हप्ते भरायला तिने आपल्या भावाकडून पैसे घेतले होते आणि नवऱ्यापासून ते लपवले होते, "त्यांना आणखी वाईट वाटू नये म्हणून." शास्त्रात नवऱ्याच्या नकळत पाऊल उचलणारी अबीगईल आहे. तिचा नवरा नाबाल याने दावीदाला डिवचलं तेव्हा ती नवऱ्याला न सांगता निघाली आणि घर वाचवलं. पण दुसऱ्या सकाळी, त्याची नशा उतरल्यावर, तिने त्याला सगळं सांगितलं. आणि दुसऱ्या टोकाला, विकलेल्या जमिनीच्या पैशांबद्दल नवऱ्याबरोबर खोटं बोलणारी सप्पीरा आहे. नवऱ्याच्या खोट्यात साथ देणं हा आधार नव्हे, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायाइतकं कठोरपणे कुठेच आलेलं नाही. आमच्या बहिणीचं लपवणं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतं. तिने सांगायचं ठरवलं, आमच्यासमोर.

तो उठून बाहेर गेला. याची आम्ही तयारी केली होती. माणूस इतका चिडतो तेव्हा शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात असं जॉन गॉटमन यांच्या जोडप्यांवरच्या संशोधनात आढळलं आहे. तेवढ्या वेळात बोलत राहण्याचा फायदा नसतो. म्हणून नियम असा होता की बाहेर जायला हरकत नाही, पण परत यायचं. तो अर्ध्या तासाने परत आला. पहिला प्रश्न हिशेबनिसाचा होता: "किती? आणि परत कधी द्यायचे ठरलेत?"

तिथून घरखर्चाची वही पुन्हा त्याच्याकडे गेली. नोकरी गेल्यावर तिने सगळे व्यवहार आपल्या हातात घेतले होते, त्याला त्रास नको म्हणून. ज्याने आयुष्यभर आकडे सांभाळले, त्याच्याकडून आकडेच काढून घेतले गेले होते. आता शनिवारी संध्याकाळी दोघं बसायचे. तिचा पगार, खर्च, भावाचं देणं, सगळं उघड. त्याला मान वाटावा म्हणून केलेलं हे नाटक नव्हतं. त्याने पहिल्याच बैठकीत विम्याचा एक हप्ता दोनदा कापला गेल्याचं दाखवून दिलं.

अधीनता आणि 'मला पटत नाही'

मध्येच एक पेच आला. नोकरी सोडताना मिळालेली रक्कम एका परिचिताच्या धंद्यात भागीदार म्हणून घालावी असं नवऱ्याच्या मनात आलं. बायकोला ते मुळीच पटलं नव्हतं. तिची आजवरची पद्धत अशी की तोंडाने "तुमची इच्छा" म्हणायचं आणि मग देवाकडे ते मोडून काढायला प्रार्थना करायची. तिला हीच अधीनता वाटत होती.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पत्नींबद्दलचं बाविसावं वचन येण्याआधी एकविसावं आहे: ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असा. आणि पुढे पतींना सांगितलेलं पत्नींच्या वाट्यापेक्षा किती तरी लांब आहे, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं त्या मापाने प्रीती करायला सांगणारं. अधीन असणं म्हणजे मत नसणं, असं तिथे कुठेच निघत नाही. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला दोघं तंबू करायचे, दोघांनी मिळून अपुल्लो या उपदेशकाला बाजूला घेऊन नीट समजावलं. तिथे कोण गप्प बसलं होतं?

आम्ही तिला एवढंच सुचवलं: मत एकदा, स्पष्ट, कारणांसह मांडा, आणि नंतर त्याच मताची प्रार्थना करून त्याला ऐकवू नका. तिने शनिवारच्या बैठकीत सांगितलं, "मला हे पटत नाही. ही आपली शेवटची गंगाजळी आहे, त्या माणसाचे हिशेब तुम्ही अजून पाहिलेले नाहीत, आणि भावाचे पैसे द्यायचेत. निर्णय दोघांनी घ्यायचा असेल तर माझं उत्तर आज 'नाही' आहे." त्याला राग आला, पण तिचा दुसरा मुद्दा त्याला टाळता येईना, त्याच्या हिशेबनिसाच्या पेशाचाच तो होता. त्याने परिचिताकडे मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागितले. ते आलेच नाहीत.

तो नंतर पाळकांना म्हणाला ते मला महत्त्वाचं वाटतं: "पहिल्यांदा तिने मला सांगितलं. एरवी ती देवाला सांगते आणि मी ऐकतो."

तिच्या हातात नसलेलं

या विषयावरच्या प्रवचनांत सगळा भार पत्नीवर टाकला जातो. ती नीट वागली की नवरा आपोआप सुधारतो, असा सूर असतो. मला तो मान्य नाही. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहायला सांगितलं आहे आणि पाचव्यात प्रत्येकाने स्वतःचा भार वाहायला. औषध रोज घेणं, डॉक्टरांकडे जाणं, मुलांवर चिडल्यावर त्यांच्याशी बोलणं, अर्ज पाठवणं, हा त्याचा भार होता. ती आठवण करून देत नव्हती. तसं ठरलं होतं. मधे त्याने दोन आठवडे गोळ्या परस्पर बंद केल्या. तेव्हा ती डॉक्टरांच्या भेटीला त्याच्या संमतीने बरोबर गेली, आणि बोलणं त्यालाच करू दिलं. औषधांमुळे शरीरसंबंधाची इच्छा कमी झाली होती, ती याचा अर्थ स्वतःबद्दल लावत होती; तोही प्रश्न तिथेच विचारला गेला आणि डॉक्टरांनी औषध बदललं. १ करिंथ ७ मध्ये पौल दोघांच्या हक्काचं बोलतो, आणि दूर राहायचं तर परस्पर संमतीने म्हणतो; एकाच्या आजारपणात दुसऱ्याने मनाशी अर्थ लावत बसणं त्यात बसत नाही.

तिलाही कुणीतरी हवं होतं, हे विसरून चालणार नाही. सभेत बोलायचं नाही म्हणजे कुठेच बोलायचं नाही असं नव्हे. पाळकबाईंशी ती दर आठवड्याला बोलत होती, नवऱ्याला ठाऊक असताना.

सद्यस्थिती

पहिल्या भेटीनंतर सुमारे आठ महिन्यांनी त्याला काम मिळालं, पूर्वीपेक्षा खालच्या हुद्द्याचं आणि कमी पगाराचं. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत. तो उपासनेला येतो, मागच्या रांगेत बसतो आणि शेवटच्या गीताआधी निघतो. दारातल्या गप्पा त्याला अजून नकोत. खजिनदारपद परत घेण्याबद्दल पाळकांनी विचारलं, त्याने नकार दिला. बायकोने यावर काही म्हटलं नाही, निदान आमच्यासमोर तरी.

एक वाद मात्र मिटलेला नाही. बेकारीच्या काळात तिने स्वतःच्या पगारातून दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला देणं, चालू ठेवला होता. तिचा आधार, सगळा दशांश भांडारात आणा असं सांगणारं मलाखी ३:१०. त्याचं म्हणणं, भावाचं देणं डोक्यावर असताना दशांश आधी देणं म्हणजे भावाच्या पैशांनी अर्पण करणं. दोघांकडे वचनं आहेत आणि दोघंही हट्टी आहेत. पुढच्या बैठकीत विषय हाच आहे. दोघांनी आपापलं म्हणणं आकड्यांसह लिहून आणायचं ठरलं आहे.